भिंतीवरचे अनोळखी आप्त

३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी शंभर ते एकशेदहा किलोमीटर होता आणि झोत एकशेवीसपर्यंत जात होते. चौल-रेवदंड्यापासून मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धनपर्यंतच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. दोन-दोन पिढ्यांनी जोपासलेल्या सुपारीच्या बागा झोपल्या. घरांवरची कौले आणि पत्रे पाचोळ्यासारखे उडाले. पुढे पंचनामे झाले. किती माड पडले, किती सुपारी गेली, कोणाची होडी फुटली, कोणाची भिंत खचली, याच्या नोंदी घरोघर फिरून करण्यात आल्या. परंतु एका नुकसानीसाठी त्या तक्त्यात रकाना नव्हता आणि तो असावा अशी अपेक्षाही कोणी केली नाही. छप्पर उघडे पडल्यावर पोटमाळ्यावरच्या ट्रंकांत पाणी शिरले आणि ट्रंकांतले फोटो भिजून एकमेकांना चिकटले. वीज कित्येक गावांत अनेक आठवडे नव्हती, टाळेबंदी चालू होती, पावसाळा तोंडावर होता. अशा वेळी आजोबांच्या मुंजीचा फोटो वाळत घालावा, हे कोणाला सुचणार? कौले शाकारण्याच्या गडबडीत ते गठ्ठे तसेच सुकले आणि सुकल्यावर त्यांची एकेक वीट झाली.

वस्तुतः या किनाऱ्यावर फोटोचे आयुष्य वादळाविनाही कमीच. फोटोच्या कागदावर जो चकचकीत थर असतो तो जिलेटिनचा, म्हणजे प्राणिज पदार्थाचा. दमट हवेत त्यावर बुरशी न धरली तरच नवल. खारे वारे, कसर, वाळवी, भिंतीत मुरलेली ओल ही आमच्याकडची नित्याची पाहुणेमंडळी आहेत. ओटीवर दरवाजाच्या वर, किंचित पुढे झुकवून टांगलेल्या तसबिरींतील मंडळी वर्षानुवर्षे पावसाची ओल पीत असतात. त्यातल्या त्यात जुने काळेपांढरे फोटो बरे टिकले. १९७०–८०च्या सुमारास हौसेने काढलेले पहिलेवहिले रंगीत फोटो मात्र आज तांबूस पडले आहेत. निळा-हिरवा रंग विरून गेला आणि लग्नमंडपातील यच्चयावत माणसे गेरूत बुडवून काढल्यासारखी दिसू लागली. त्याच सुमारास पारदर्शक पापुद्र्याखाली फोटो आपोआप चिकटवून धरणारे जे अल्बम बाजारात आले, त्यांनी तर घातच केला. तो चिकट पदार्थ पिवळा पडतो आणि फोटो सोडत नाही. आमच्या आजोबांच्या काळ्या कागदाच्या, चार कोपऱ्यांत फोटो अडकवण्याच्या आणि मध्ये पातळ कागद घातलेल्या अल्बमला लोक जुनाट म्हणत. त्यातले फोटो अजून शाबूत आहेत.

अशा परिस्थितीत मोबाइल हे साधन प्रत्येकाच्या खिशात आले, ही मोठीच सोय झाली यात शंका नाही. ज्या कामासाठी पूर्वी स्टुडिओवाल्याकडे निगेटिव्ह शोधत जावे लागे, ते काम आता घरातील शाळकरी मूल एका दुपारी उरकते. आमच्या घरी तसेच झाले. वादळानंतर जे फोटो वाचले, ते पुतण्याने पुढच्या गणपतीत मोबाइलवर उतरवून घेतले. दोनशेच्या आसपास भरले. कुटुंबाच्या समूहात ते एकामागून एक येऊन पडले, मुंबईहून, पुण्याहून, परदेशातून कौतुकाचा वर्षाव झाला आणि दोन दिवसांनी सगळे शांत झाले. त्यांत एक फोटो होता: घराच्या मागीलदारी पाच बायका ओळीने बसलेल्या, मधोमध तान्हे मूल. चौघी ओळखू आल्या. डावीकडून तिसरी कोण, हे कोणीच सांगेना. आत्याला माहीत असणार, असे प्रत्येकाने लिहिले. आत्याला विचारावे असेही ठरले. ती त्या वेळी पंच्याऐंशीच्या पुढे होती, कानाने अधू, पण स्मरणाने खणखणीत होती. तिच्याकडे मोबाइल नव्हता. ती माजघरात बसली होती आणि पुतण्या ओटीवर होता. मधले पंधरा पावलांचे अंतर कोणी ओलांडले नाही, कारण प्रत्येकाला ते काम दुसरा कोणी करील असे वाटले. त्यात प्रस्तुत लेखकही आला. पुढच्या वर्षी आत्या गेली.

या हकीकतीत विशेष असे काही नाही. थोड्याफार फरकाने ती किनाऱ्यावरील बहुतेक घरांत घडलेली आहे किंवा घडत आहे, म्हणूनच ती येथे सांगितली. फोटोचा ऱ्हास दोन वाटांनी होतो. कागद कुजतो, तो आपल्याला दिसतो आणि त्यावर यंत्राचा इलाजही आहे. परंतु फोटोतील माणसाचे नाव ज्याच्या स्मरणात आहे तो माणूस जातो, तेव्हा कागदावर एकही डाग पडत नाही. फोटो मात्र त्या दिवसापासून परक्याचा होतो. आज सर्वत्र जी धावपळ चालली आहे ती पहिला ऱ्हास थांबवण्याची आहे. दुसऱ्याकडे आपले जवळजवळ दुर्लक्ष झाले आहे. दोनशे फोटो मोबाइलवर उतरवले म्हणजे जतन झाले, हा समज मनातून काढून टाकला पाहिजे. नाव-गाव-सालाविना उतरवलेले दोनशे फोटो म्हणजे ट्रंकेतला गोंधळ मोबाइलमध्ये नेऊन ठेवणे होय.

अलिबागकरांना याचे एक उदाहरण घरचेच देता येईल. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले, तेव्हा त्या विजेने कुलाबा वेधशाळेतील चुंबकीय मोजमापात व्यत्यय येईल म्हणून ते काम १९०४ साली अलिबागला हलवण्यात आले. समुद्राकाठच्या त्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वातील बारीकसारीक हालचाल वर्षानुवर्षे फोटोच्या कागदावर प्रकाशाच्या रेषेने उमटत असे. ते कागदही फोटोच, आणि त्यांनाही हीच हवा. आज जगातील शास्त्रज्ञ शंभर वर्षांपूर्वीच्या सौर वादळांचा अभ्यास करताना कुलाबा-अलिबागच्या नोंदींकडे वळतात, ते तेथील कागद विशेष टिकाऊ होता म्हणून नव्हे. कोणा कारकुनाने रोजच्या रोज, न चुकता, प्रत्येक कागदावर दिनांक आणि वेळ लिहून ठेवली म्हणून. ती नसती तर उरली असती ती केवळ एक वाकडीतिकडी रेघ.

तेव्हा घरच्या फोटोंना दिनांक कोठून आणावा, हा पुढचा प्रश्न. येथे वाचकांस एक आनंदाची गोष्ट सांगता येईल. फोटोची तारीख पुष्कळदा फोटोच सांगतो, फक्त तो उलटून पाहावा लागतो. मोबाइलने फोटो उतरवणारा पुढची बाजू तेवढी घेतो आणि खरा ऐवज मागे राहतो. मागे स्टुडिओचा शिक्का असतो. त्यात ‘मुंबई ४’ असे असेल तर तो बहुधा १९७२पूर्वीचा. त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला सहा आकडी पिनकोड सुरू झाला आणि गिरगावचे ‘४’ जाऊन ‘४०० ००४’ आले. स्टुडिओवाल्याने जुना शिक्का आणखी काही वर्षे चालवला असेल, एवढी सूट मात्र ठेवावी. पत्त्यात ‘जिल्हा कुलाबा’ असेल तर १९८१च्या आधीचा, कारण त्या साली जिल्ह्याचे नाव रायगड झाले. अर्थात हाताने लिहिलेल्या पत्त्याबाबत सावध राहावे. आमच्या घरची वडीलधारी मंडळी त्यानंतरही कित्येक वर्षे ‘कुलाबा’च लिहीत होती. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा या बाजूच्या फोटोमागे ‘जंजिरा संस्थान’ आढळले तर तो १९४८च्या विलीनीकरणापूर्वीचा समजण्यास हरकत नाही. काही फोटोंमागे मोडी अक्षर सापडते. ते वाचता येत नाही म्हणून सोडून देऊ नये. मोडी जाणणारी माणसे जिल्ह्यात अजून आहेत आणि नव्याने शिकणारे तरुणही आहेत.

फोटोचा आकारही बोलका असतो. लहान, चौकोनी, काळापांढरा फोटो दिसला की ‘अ‍ॅग्फा क्लिक थ्री’ची आठवण व्हावी. मध्यमवर्गीयाला परवडणारा तो पहिला कॅमेरा. एका रोलात बारा फोटो, म्हणून प्रत्येक फोटो विचार करून काढलेला. मुंबईत नोकरीला असलेला घरातील कर्ता तो एखाद्या मित्राकडून मागून आणी आणि मे महिन्याच्या सुटीत अंगणात सगळ्यांना उन्हाकडे तोंड करून उभे करी. त्या फोटोंत सर्वांचे डोळे मिचमिचे आहेत आणि खाली पुष्कळदा काढणाऱ्याची सावली पडलेली आहे. कॅमेरा कोणाच्या हातात होता, हे त्या सावलीवरून विचारता येते. तेही लिहून ठेवण्यासारखे आहे. त्याआधीचे फोटो बहुतेक स्टुडिओतले. मागे रंगवलेला पडदा, त्यावर महालाचे खांब किंवा तळे, शेजारी तिपाई, तिपाईवर कुंडी. किनाऱ्यावरचे शेतकरी आणि मच्छीमार कुटुंब बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरून गिरगावात किंवा दादरला जाऊन त्या खोट्या तळ्यापुढे उभे राहिले, यात हसण्यासारखे काही नाही. त्या दिवसासाठी दागिने कोणाकडून आणले होते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी सांगितले तर तो एका घराचा अर्थशास्त्रीय इतिहासच होईल.

संगणकावरच्या चिकटवहीचे काम खरे तर येथून सुरू होते. चिकटवही हा शब्द मुद्दाम वापरला आहे. शाळेत आपण सर्वांनी ती केलेली असते; तिला कारागिरी लागत नाही, निवड लागते. दोनशेंतून तीस फोटो काढावेत. कार्यालयातल्या संगणकावर पत्रे किंवा सादरीकरणे तयार करण्याचा जो कार्यक्रम असतो, तेवढ्यावर हे काम होते. निराळे काही विकत घेण्याची जरुरी नाही. एका पानावर एकच फोटो घ्यावा, शेजारी त्याची मागची बाजू लहान आकारात ठेवावी आणि खाली लिहावे: डावीकडून उजवीकडे कोण, कोठे, केव्हा आणि ही माहिती कोणी सांगितली. यातील शेवटची नोंद सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित. काकांनी सांगितलेले साल आणि मावशीने सांगितलेले साल यांत चार वर्षांचे अंतर पडले, तर दोन्ही लिहावीत. खात्री नसेल तेथे ‘बहुधा’ हा शब्द घालण्यास लाजू नये. विद्यार्थ्यांनी सांगणाऱ्याचा आवाज मोबाइलवर मुद्रित करून ठेवावा. फोटो हातात दिल्यावर वृद्ध माणूस जे बोलतो, ते प्रश्नावली पुढे केल्यावर बोलत नाही.

उतरवून घेण्याची रीत सोपी आहे. फोटो खिडकीजवळ, पण उन्हात नव्हे, सपाट ठेवावा आणि बरोबर वरून टिपावा. फ्लॅश बंद असावा. तळहातापेक्षा लहान फोटो झेरॉक्सच्या दुकानातील स्कॅनरवर इंचाला सहाशे बिंदू या प्रमाणात घेतल्यास चेहरे स्पष्ट येतात. तसबिरीच्या काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नये, काचेसकट टिपावा. आणि पुन्हा कधी पाणी शिरलेच, तर भिजलेले फोटो गठ्ठ्यात सुकू न देता ओले असतानाच हळुवार सुटे करून, चित्राची बाजू वर ठेवून, सावलीत पसरावेत. उशीर झाला तर दोन दिवसांत बुरशी येते.

बाजारात याहून झगमगीत प्रकार पुष्कळ आहेत. तयार चौकटी आहेत, उडणारी फुले आहेत, मागे वाजणारे संगीत आहे. ज्याला हौस आहे त्याने करावी. पण अलीकडे काळेपांढरे फोटो आपोआप रंगीत करून देणारी आणि पुसट चेहरे ‘सुधारून’ देणारी जी यंत्रबुद्धीची सोय निघाली आहे, तिच्याविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. पणजीच्या लुगड्याला ते यंत्र जो हिरवा रंग देते तो लुगड्याचा रंग नव्हे, तो यंत्राचा तर्क आहे. पुसट चेहऱ्यात ते जे नाक-डोळे भरते, ते पणजीचे असतीलच असे नाही. तसे कोठेतरी दुसऱ्या कोणाचे होते. असा फोटो पाहून डोळ्यांत पाणी येते, हे मान्य. तो मूळ फोटोच्या जागी ठेवला जातो, तेव्हा मात्र घराच्या कागदपत्रांत एक बनावट कागद शिरतो. करायचाच तर मूळ प्रत शेजारी ठेवून, खाली ‘यंत्राने रंगवलेला’ असे लिहून करावा.

नावे लिहू लागल्यावर आणखी एक गोष्ट ध्यानात येते आणि ती फारशी सुखाची नाही. पुरुषांची नावे चटकन मिळतात. बायकांच्या बाबतीत ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’, ‘चौलची वहिनी’ यापलीकडे गाडी जात नाही. लग्नात नाव बदललेले, माहेरचे नाव सासरी कोणी उच्चारलेले नाही, आणि सासरचेही अर्धी हयात ‘वहिनी’ या संबोधनाखाली झाकलेले. आमच्या फोटोतील डावीकडून तिसरी बाई हरवली ती याच वाटेने. म्हणून चिकटवही करणाऱ्याने प्रत्येक स्त्रीच्या नावापुढे माहेरचे गाव आणि माहेरचे नाव यांसाठी जागा ठेवावी. ती भरताना किती दारे ठोठवावी लागतात, ते त्याला कळेल. आणि ज्यांच्या घरी फोटोच नव्हते, त्यांचे काय? १८८३ साली निघालेल्या कुलाबा-जंजिरा गॅझेटियरात कातकऱ्यांचे वर्णन आहे. पण ते जमातीचे आहे, माणसांचे नव्हे. आजही आदिवासी वाडीवरील घरात आजोबांचा फोटो सापडला तर तो बहुधा एखाद्या सरकारी ओळखपत्रावरचा. तो तेवढाच असला तरी त्याचेही एक पान होते. जवळपासच्या शाळेतील शिक्षकांनी हे मनावर घेतले तर ते कोणत्याही प्रकल्पवहीपेक्षा मोलाचे काम ठरेल. शाळांपाशी स्वतःचेही धन आहे: दरवर्षीचे वर्गाचे फोटो. त्यांतील ओळींप्रमाणे नावे लावण्यास हजेरीपट आणि दहा-वीस माजी विद्यार्थी एवढे भांडवल पुरेसे आहे.

या किनाऱ्याचे फोटो किनाऱ्यावरच आहेत असेही नाही. आपल्या पूर्वजांचे गलबत नवगावजवळ फुटले अशी परंपरा सांगणारे बेने इस्रायली शतकानुशतके येथे तेलाचे घाणे चालवीत राहिले आणि गावांवरून दिवेकर, पेणकर, रोहेकर, केहिमकर अशी आडनावे घेते झाले. १९४८नंतरच्या दोन-तीन दशकांत त्यांतील बहुसंख्य इस्रायलला गेले. अलिबागच्या इस्रायल आळीत ‘मागेन अबोथ’ हे प्रार्थनामंदिर उभे आहे. माणसे लोद, अश्दोद, डिमोना येथे आहेत. त्यांनी बरोबर नेलेल्या फोटोंमागचा मजकूर मराठीत आणि तो वाचणारी पिढी थकलेली. नातवंडांची भाषा हिब्रू. त्या फोटोंतील अंगण कोणाचे, शेजारी उभा असलेला मुलगा कोणाचा, हे येथला शेजारीच सांगू शकेल. आणि आपल्याकडील फोटोंतील काही चेहरे तेच ओळखतील. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ साली लिहून पुरा केला आणि तो तेल अवीवला छापून निघाला १९३७ साली. चाळीस वर्षे ते बाड कोणी तरी सांभाळले. आता प्रत पाठवण्यास चाळीस सेकंदही लागत नाहीत, आणि तरी पाठवली जात नाही.

प्रतीचा विषय निघाला म्हणून सांगावयास हवे. संगणकावर ठेवले म्हणजे अमर झाले, असे नाही. ‘ऑर्कुट’ २०१४ साली बंद झाले, ‘पिकासा’ २०१६ साली. त्यांच्या भरवशावर राहिलेल्या किती जणांचे फोटो कोठे गेले, हे ज्याचे त्याला ठाऊक. पंधरा वर्षांपूर्वी लग्नाची सीडी घरोघर होती. आज ती घालायला नव्या संगणकात खाचच नसते. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या रीतीने पाठवलेला फोटो वाटेत आकुंचन पावतो, म्हणून तो दस्तऐवज म्हणून पाठवावा. एक प्रत घरच्या संगणकात, एक पेन ड्राइव्हवर दुसऱ्या गावच्या नातलगाकडे आणि एक कागदावर छापून, इतके केले तर पुष्कळ झाले. दुसरे गाव समुद्रापासून जरा दूर असलेले बरे. पण महाडकरांना २२ जुलै २०२१चा पूर आठवत असेल, तेव्हा तेही नदीकाठी नसावे. आणि मूळ फोटो फेकून देऊ नयेत. संगणकावर घेतले, आता जागा कशाला अडवायची, असे म्हणणारे शहाणे प्रत्येक घरात एक तरी असतात.

खर्चाचे म्हणाल तर हे काम जवळजवळ फुकटचे आहे. वेळ मात्र हवा, आणि तो ठरावीक हवा. भाद्रपदात मुंबईकर मंडळी गावी येतात, पाच किंवा सात दिवस राहतात, आरत्या आणि पत्ते यांच्या मधल्या दुपारी मोकळ्याच असतात. ट्रंक त्या आधी माळ्यावरून उतरवून उन्हाला लावलेली असावी आणि फोटो मागे आकडे घालून सुटे केलेले असावेत. आकडे मऊ शिसपेन्सिलीने, कोपऱ्यात आणि दाब न देता. मग ते घेऊन ओटीवर नव्हे, माजघरात जाऊन बसावे.

आमच्या घरची चिकटवही आता एकतीस पानांची झाली आहे. मागीलदारच्या पाच बायकांचे पान तिच्यात आहे. फोटो उलटून पाहिल्यावर मागे पुसट शिसपेन्सिलीने ‘बारसे’ एवढाच शब्द सापडला. बाळ कोणते हे त्यावरून कळले आणि साल १९५३ ठरले. डावीकडून तिसरीपुढे अजून रेघच आहे. त्या बाळाचे आजोळ थळचे. तेथे त्या पिढीतील एक वृद्धा हयात असल्याचे मागच्या महिन्यात समजले, आणि येत्या रविवारी पुतण्या फोटो घेऊन तिकडे जाणार आहे.